पाच नंबरच्या दिव्याखालचे सासरे

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दुपारी हेर एबरहार्ड हेफेले यांचा डावा पाय, लोकरी मोज्यासकट, त्यांच्याच जेवणघराच्या छतातून खाली आला आणि मसुराच्या आमटीच्या पातेल्यावर वीतभर उंचीवर थांबला.

असं काहीही झालेलं नाही.

ही हेफेले कुटुंबाची अधिकृत भूमिका आहे आणि आपणही तीच धरून चालू. जर्मनीतल्या उंटरबाखिंगन गावात (तिथे हेर म्हणजे श्रीयुत आणि फ्राऊ म्हणजे श्रीमती) जे कोणी याच्या उलट सांगतात, ते शेजारच्या फ्राऊ वुर्स्टर यांच्याकडून ऐकून सांगतात, आणि फ्राऊ वुर्स्टर त्या वेळी पलीकडे स्वतःच्या घरात होत्या. दोन घरांची भिंत सामाईक असली म्हणून नजर सामाईक होत नाही. तेव्हा पायाचा विषय संपला. विषय वाऱ्याचा आहे.

हेफेले जमीन-मोजणी खात्यात अधिकारी. दोन शेजाऱ्यांमधली कुंपणाची रेघ नेमकी कुठून जाते हे ठरवायचं, दोघांनाही सारखंच नाराज करायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं, असं त्यांचं काम. सहा वर्षांपूर्वी त्यांनी घराच्या मागच्या अंगाला जेवणघर वाढवलं आणि त्याच्या छतात नऊ गोल दिवे स्वतःच्या हातांनी खोल बसवले. ड्रिलला गोल करवत लावून नऊ भोकं पाडली. भोकांमधलं अंतर इतकं तंतोतंत सारखं होतं, की पाहुण्यांना टेप लावून दाखवता येत असे, आणि दाखवलं जात असे. हल्ली पाहुणे कमी येत.

भोकं पाडताना करवतीने छतावरचा प्लास्टिकचा पडदाही नऊ ठिकाणी कापला. घरातली ऊब घरात आणि कौलांखालचा गारठा कौलांखाली राहावा म्हणूनच तो पडदा तिथे ताणलेला असतो. हे हेफेलेंच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पण पडदा कुणाला दिसत नाही आणि दिवे दिसतात.

पाच वर्षं कुणाची काही तक्रार नव्हती. मग वसंतात त्यांचे सासरे, गॉटलोब श्टोल, कायमचे राहायला आले. वय चौऱ्याऐंशी, निवृत्त व्यायामशिक्षक, डोक्यावर एकही केस नाही. टेबलाच्या टोकाची मानाची खुर्ची त्यांना दिली गेली, आणि ती नेमकी पाच नंबरच्या दिव्याखाली होती.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी पत्ते पिसता पिसता ते म्हणाले, "एबरहार्ड, इथे वारा लागतो."

हेफेलेंनी लगेच वळून खिडकीकडे पाहिलं. वारा लागणं ही काही थट्टेवारी न्यायची गोष्ट नव्हे. त्यांची एक आत्या तरुणपणी आगगाडीत फटीतून येणाऱ्या वाऱ्यात बसली होती. तिची मान पुढे जन्मभर फक्त उजवीकडे वळे, आणि ज्याला तिच्याशी बोलायचं असेल त्याला आधी फिरून तिच्या उजवीकडे जावं लागे.

"खिडकी लावलेलीच आहे, बाबा."

"खिडकीतून नाही. वरून. टाळूवर. कुणीतरी फुंकर घालतंय असं वाटतं."

"टोपी घालता का?"

सासऱ्यांनी टोपी घातली. ती बर्फावर घसरायला जायची लाल लोकरीची होती, वर गोंडा. ती घालून ते जेवले, ती घालून पत्ते खेळले, आणि उठताना म्हणाले, "नाताळाला चार रविवार उरतील, त्या पहिल्या ॲडव्हेंटपर्यंत वाट बघतो. त्या रविवारी पहिली मेणबत्ती लागेल तेव्हा वारा असेल, तर मी फोल्कमारकडे हाइलब्रॉनला जाईन. त्याच्याकडे वारा नाही."

फोल्कमार हा हेफेलेंचा साडू, त्यांची बायको गुडरून हिच्या मोठ्या बहिणीचा नवरा. त्याने नवं घर बांधलं होतं. आपल्या बैठकीच्या खोलीत किती अंश आहे त्याचे फोटो तो थंडीच्या दिवसांत सगळ्या नातेवाइकांना पाठवत असे, खाली काही न लिहिता.

आता सासरे जाणार म्हटल्यावर एखाद्या जावयाने मनातल्या मनात पेढ्यांसारखे ब्रेत्सेल वाटले असते. हेफेलेंचं तसं नव्हतं. ऑफिसात बोलायचं ते मोजमापाचं. घरात गुडरूनशी बोलायचं ते कामाचं. ती फिजिओथेरपिस्ट होती, दिवसभर लोकांच्या माना सोडवून आल्यावर तिला कुणाचं काही ऐकायचं त्राण नसे. दिवसभरात जे बोलायचं राहून जाई, ते सगळं हेफेले संध्याकाळी बिनोकल नावाचा पत्त्यांचा डाव खेळताना सासऱ्यांना सांगत. म्हातारबुवा ऐकत नसत. पण उठूनही जात नसत. सहा महिन्यांत हेफेलेंना या गोष्टीची इतकी सवय झाली होती, की रिकाम्या खुर्चीचा विचार करूनच त्यांना वारा लागला.

"दिवे मी बसवले," ते गुडरूनला म्हणाले, "वारा मीच बंद करणार."

"कारागीर बोलाव."

"भोकं कारागिराने पाडली का?"

"कारागिराने पाडलीच नसती," गुडरून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गल्लीभर बातमी होती. फ्राऊ वुर्स्टर यांची त्या आठवड्यात फुटपाथ झाडायची पाळी होती, त्यामुळे त्यांच्या हातात झाडू आणि अधिकार दोन्ही होते.

"हेर हेफेले, ते सगळे दिवे काढा आणि माणसासारखा एक दिवा टांगा."

"फ्राऊ वुर्स्टर, ते दिवे सारख्या अंतरावर आहेत."

"थडगीही असतात," फ्राऊ वुर्स्टर म्हणाल्या आणि झाडत पुढे गेल्या.

समोरच्या घरातले हेर श्लोटरबेक जास्त कामाचे. त्यांच्या गॅरेजमध्ये जगातलं प्रत्येक हत्यार होतं आणि गाडी बाहेर उभी असे.

"वरून ग्लासवूल, ती ऊब धरणारी काचेची लोकर, कोंबली तर?" हेफेलेंनी विचारलं.

"घर पेटेल. हॅलोजनचे दिवे आहेत तुमचे, वर तापतात. माझ्या मेहुण्याने कोंबली होती."

"पेटलं?"

"नाही. पण पेटलं असतं. तेव्हापासून बायको त्याला गंभीरपणे घेत नाही." श्लोटरबेकांनी गॅरेजकडे एक नजर टाकली. "कुंड्या घ्या. मातीच्या. प्रत्येक दिव्यावर एक उलटी कुंडी. दिव्याला मोकळी जागा राहते, ऊब खाली राहते, वर टोपी. तुमच्या सासऱ्यांनी घातली तशीच, पण दिव्याला."

विचार सुंदर होता. हेफेले घरी आले आणि गुडरूनच्या नऊ जिरेनियम त्यांनी कुंड्यांमधून काढल्या.

"जिरेनियम कुठे गेल्या?" गुडरूनने विचारलं.

"बादलीत आहेत."

"सगळ्या?"

"तात्पुरत्या."

जेवणघराच्या छतावर कौलांखाली पोटावर सरपटण्याइतकी जागा होती. तिथे जायचा रस्ता वरच्या शयनगृहात गुडरूनच्या कपाटामागे, भिंतीतल्या एका झडपेतून. म्हणजे आधी कपाट रिकामं करायचं, मग सरकवायचं, मग सरपटायचं. शिवाय दुपारी एक ते तीन विश्रांतीची वेळ, तेव्हा आवाज करायचा नाही. संध्याकाळी आठनंतर नाही. रविवारी तर खिळाही हातात धरायचा नाही. हेफेले स्वतः सरकारी माणूस. ते एकच्या ठोक्याला जिथे असतील तिथे थांबत आणि तीनपर्यंत ग्लासवूलमध्ये पालथे पडून राहत. खालून गुडरून विचारी, "जेवायला येतोस का?" वरून उत्तर येई, "सरपटल्याचा आवाज होतो."

नऊ दिव्यांना नऊ टोप्या बसल्या. दोन दिवस सगळं शांत होतं. हवाही पडलेली होती, हा योगायोग कुणाच्या ध्यानात आला नाही.

तिसऱ्या दिवशी पश्चिमेचा वारा सुटला, आणि जेवणघराचं छत गाऊ लागलं.

कुंडीच्या बुडाला पाणी जायला भोक असतं. कुंडी उलटी ठेवली की ते भोक वर येतं. कौलांखालून वाहणारा वारा त्या भोकांवरून जाताना, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तसा आवाज काढत होता. कुंड्या लहानमोठ्या असल्याने प्रत्येकीचा सूर वेगळा. पाच नंबर सगळ्यांत खर्जात. गुडरून चर्चच्या गायकवृंदात होती. ती चमचा खाली ठेवून ऐकत राहिली आणि म्हणाली, "नऊ नंबर जरा चढा लागतोय."

सासरे टोपीचा गोंडा सावरून म्हणाले, "वारा होता तिथेच आहे. आता फक्त गातो."

तो रविवार होता. सोमवारी सकाळी पालिकेच्या सार्वजनिक शिस्त कार्यालयातून हेर फिस्टरर नावाचे गृहस्थ आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. सामाईक भिंतीपलीकडून तक्रार होती. नाव सांगता येत नाही म्हणाले. ते टेबलाशी बसले, यंत्र समोर ठेवलं आणि वाऱ्याची वाट बघू लागले. वारा आला. छताने एक लांब, दुःखी सूर धरला.

"कोण वाजवतं?" फिस्टररनी विचारलं.

"कोणी नाही. वारा."

"वाऱ्याला नोटीस काढता येत नाही, हेर हेफेले. मालक कोण?"

"वाऱ्याचा?"

"वाद्याचा."

"ते वाद्य नाही. त्या कुंड्या आहेत."

"नऊ सूर आहेत. घरगुती वाद्याला दिवसातून दोन तास परवानगी आहे, विश्रांतीची वेळ सोडून. रविवारी फक्त मंद. हे मंद करता येतं का?"

"वारा मंद झाला की होतं."

फिस्टररनी लिहून घेतलं: वादकाचे वाद्यावर नियंत्रण नाही. हेफेलेंनी ते उलट्या बाजूने वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. वीस वर्षं त्यांनी लोकांना असेच शेरे दिले होते. आपल्याला असा शेरा मिळाल्यावर कसं वाटतं, हे त्यांना माहीत नव्हतं. ते निवृत्तीपर्यंत कळलं नसतं तरी चाललं असतं.

भोकांना बुचं मारली. गाणं थांबलं. वारा कुंड्यांच्या काठाखालून येऊ लागला, आता मुकाट्याने, आणि सासऱ्यांनी टोपीवर मफलर चढवला.

इथे दुसरा कुणी हरला असता. हेफेलेंनी ऊर्जा-सल्लागार बोलावली.

फ्राऊ ऑक्सनरायटर ही तिशीतली बाई होती आणि तिला हसताना कुणी पाहिलं नव्हतं. तिने पुढच्या दरवाजाच्या चौकटीत लाल कापड ताणलं, त्यात एक भलामोठा पंखा बसवला आणि म्हणाली, "आता मी घरातली हवा बाहेर ओढते. जिथे जिथे फट असेल तिथून बाहेरची हवा आत येईल. हलू नका."

पंखा घरघरला. टेबलावरचे पत्ते उठले. नवाच्या नऊ दिव्यांभोवतीच्या कडांतून थंडगार झोत खाली आले, आणि झोतांबरोबर ग्लासवूलचे पुंजके, एक मेलेली गांधीलमाशी आणि सहा वर्षांपूर्वी हरवलेली हेफेलेंची पेन्सिल. पाच नंबरखाली सासरे पांढरे होत गेले. त्यांनी पुंजके झटकले नाहीत. पुराव्याला कुणी हात लावतं का?

"मी सांगत होतो," ते म्हणाले.

"हेर हेफेले," फ्राऊ ऑक्सनरायटर म्हणाली, "तुमच्या छताला नऊ भोकं आहेत."

"ती मीच पाडली."

"हं. छान सारख्या अंतरावर आहेत."

हेफेलेंना एकदम भरून आलं. सहा वर्षांत टेप न लावता हे ओळखणारं पहिलंच माणूस भेटलं होतं.

तिने उपाय सांगितला: जुने दिवे काढा, न तापणारे एलईडी लावा, प्रत्येकावर वरून बंद डबी बसवा आणि डबीच्या कडा पडद्याला खास चिकटपट्टीने चिकटवा. एक सुई जाईल एवढीही फट नको. "हे काम कारागीर करतात," ती म्हणाली. गुडरूनने हेफेलेंकडे बघितलं. हेफेले छताकडे बघत होते.

मग शनिवार आला. कपाट पुन्हा रिकामं झालं. हेफेले सरपटत पाच नंबरपर्यंत पोहोचले. घड्याळात एक वाजून गेला होता, पण चिकटपट्टीला आवाज नसतो, असा त्यांनी स्वतःपुरता निर्णय दिला. डबी चिकटवून ते मागे सरकू लागले, आणि मागे सरकताना तुळईवरून पाय जरा घसरून

या ठिकाणी काही झालं नाही.

त्यानंतर गुडरून, सासरे, शिडी आणि हेर श्लोटरबेक यांनी मिळून जे केलं तेही झालं नाही. "एबरहार्ड, मोज्याला भोक पडलंय," असं सासरे वर बघून म्हणाले नाहीत, आणि "बाबा, तेवढं आमटीचं पातेलं सरकवता का?" असं उत्तर छतातून आलं नाही. विश्रांतीच्या वेळेत झालेल्या आवाजाबद्दल फ्राऊ वुर्स्टर यांनी भिंतीवर तीनदा ठोकलं, पण न झालेल्या आवाजाबद्दल ठोकणं हा त्यांचा प्रश्न आहे. चार आणि पाच नंबरांच्या मध्ये जिप्समचा नवा बोर्ड आणि वर पडद्याला ठिगळ लावावं लागलं, ते हवामानामुळे.

हेफेले लंगडत होते, पण थांबले नाहीत. ऑफिसातून आले की कपडे बदलायचे, कपाट सरकवायचं, झडपेतून आत. चिकटपट्टी केसांना चिकटली. ते केस कापून चिकटपट्टी वाचवली. ॲडव्हेंटच्या आदल्या दिवशी फ्राऊ ऑक्सनरायटर पंखा घेऊन पुन्हा आली. पंखा घरघरला, कण्हला, त्याचा सूर वर चढत गेला. टेबलावरचे पत्ते जागचे हलले नाहीत.

"बाबा," हेफेले म्हणाले, "टोपी काढून बघता का?"

सासऱ्यांनी मफलर काढला. टोपी काढली. पाच नंबरखाली डोकं धरून ते डोळे मिटून बसले. 

"नाही लागत," ते म्हणाले.

हेफेलेंनी तोंड वळवलं आणि उगाच टेप शोधू लागले.

"उत्तम," फ्राऊ ऑक्सनरायटर पंख्याचं कापड घडी करत म्हणाली. "आता घरात हवा कुठूनच येत नाही. त्यामुळे दिवसातून चारदा समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडायच्या. थंडी असो, बर्फ असो. नाहीतर भिंतींना बुरशी येईल."

"म्हणजे वारा घ्यायचा."

"हवापालट करायचा."

"पण तो वाराच ना?"

फ्राऊ ऑक्सनरायटरने त्यांच्याकडे, सीमेच्या खुणेचा दगड पाटलासमोर उपटणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

रविवारी गुडरूनने टेबलावरच्या, फांद्यांच्या हिरव्या चक्रातल्या चार मेणबत्त्यांपैकी पहिली पेटवली. सासऱ्यांनी भरून ठेवलेली बॅग अजून दाराशीच होती, कारण आता येऊ नको असं फोल्कमारला कुणी कळवलं नव्हतं. प्रत्येकाला वाटलं दुसरा कळवेल. ज्योत सरळ उभी होती. हेफेले तिच्याकडे असं बघत होते, जणू ती त्यांच्या पोटी जन्मली होती.

एवढ्यात गुडरून उठली. "वेळ झाली," म्हणाली, आणि तिने बागेकडची मोठी खिडकी उघडली. मग रस्त्याकडची.

पश्चिमेचा वारा आत आला. मेणबत्ती विझली, रुमाल उडाले, पडदे छताला लागले, आणि या सगळ्याच्या मध्ये दार उघडून फोल्कमार आत आला.

"अरे देवा," तो म्हणाला. "एबरहार्ड, असा ठेवतोस म्हाताऱ्या माणसाला? बाबा, चला. गाडी गरम करून ठेवली आहे."

हेफेलेंनी उडालेला एक रुमाल पकडला. सासरे उठले. त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती. ते सरळ दोन खिडक्यांच्या मधोमध, जिथे वारा सर्वांत जोरात होता तिथे गेले, पाय फाकवून उभे राहिले आणि दोन्ही हात वर घेऊन त्यांनी खोल श्वास घेतला.

"हवा," ते म्हणाले. "किती दिवसांनी."

"बाबा, हा तर वारा…" हेफेले बोलून गेले. गुडरूनने टेबलाखालून त्यांच्या दुखऱ्या पायावर पाय दिला.

"वारा कसला, गाढवा," सासरे म्हणाले. "वारा चोरून येतो. हिला आपण बोलावलंय." त्यांनी एक हात खाली केला. "फोल्कमार, तुझ्याकडे किती वेळा उघडता?"

"काय?"

"खिडक्या."

"उघडाव्याच लागत नाहीत, बाबा. यंत्र आहे. सगळी हवा यंत्र आत घेतं, गाळतं, गरम करतं."

"उघडाव्या लागत नाहीत, की उघडता येत नाहीत?"

फोल्कमारने मफलर सैल केला. "उघडल्या तर यंत्र बिघडतं. म्हणून खिडक्यांना मुठी बसवल्याच नाहीत."

 सासऱ्यांनी फोल्कमारकडे बराच वेळ बघितलं, एखादा मुलगा व्यायामाच्या तासाला बूट न घालता आला की बघावं तसं.

"मुठीच नाहीत," ते म्हणाले. "गुडरून, माझी बॅग वर ने. फोल्कमार, आलाच आहेस तर मसूर खाऊन जा. खिडकी लावू नका, अजून वेळ झाली नाही."

अशा रीतीने सासरे राहिले. घरात हवापालटाचं खातं त्यांच्याकडे आलं, आणि ते त्यांनी एका शिक्षकाच्या कडकपणाने चालवलं. सकाळी अंधारात हेफेलेंच्या अंगावरून दुलई उडते, दुपारी गुडरूनचे कागद उडतात. त्याबद्दल हेफेले काही बोलत नाहीत. सासरे समोर बसलेले असतात आणि ऐकत नाहीत, यापलीकडे त्यांना फार काही नको आहे.

फक्त संध्याकाळच्या हवापालटाला ठरावीक वेळ नाही. ती वेळ, हेफेलेंच्या असं लक्षात आलं आहे, नेहमी त्यांच्या हातात चांगली पानं येतात तेव्हाच होते. हेफेले मोठ्या बोलीसाठी तोंड उघडतात आणि सासरे उठून खिडकी उघडतात. पत्ते खोलीभर उडतात, डाव रद्द होतो, आणि पुन्हा वाटायची पाळी सासऱ्यांची. यावर तक्रार करायची तर वारा लागतो असं म्हणावं लागेल, आणि ते म्हणण्याचा अधिकार या घरात हेफेलेंना आता उरलेला नाही. पण हार मानणं त्यांना जमत नाही. म्हणून त्यांनी गेल्या सोमवारी दुपारच्या विश्रांतीच्या वेळात, आवाज न करता, पुढील अर्ज लिहिला आणि स्वतः नेऊन दिला:

प्रति, सार्वजनिक शिस्त कार्यालय, उंटरबाखिंगन. विषय: पश्चिमेकडील वाऱ्यास विश्रांतीचे नियम लागू करणेबाबत. महोदय, ड्रिल, गवतकापणी यंत्र व घरगुती वाद्ये यांस आपल्या कार्यालयाने वेळेचे जे निर्बंध घातले आहेत, त्यांतून वारा अनवधानाने सुटलेला दिसतो. सबब विनंती की, सायंकाळी सात ते नऊ या वेळेत, रविवार व सणांचे दिवस धरून, पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यास गावाच्या हद्दीत प्रवेश करण्यास मनाई करण्यात यावी. तसे करणे शक्य नसल्यास तो निदान बिनोकलचा चालू डाव संपेपर्यंत हद्दीच्या दगडापाशी थोपवून धरण्यात यावा. सदर दगडाची जागा अर्जदाराने स्वतः मोजलेली असून तिच्याबाबत कोणताही वाद नाही. कळावे.